गाठ जावी, कान राहावेत

संस्थेचा फोन आला तेव्हा मी वालीवच्या आमच्या कारखान्यात पॅकिंग मशीनखाली आडवा पडलो होतो. मोटारीचा पट्टा सकाळपासून निसटत होता. फोन वाजून वाजून बंद झाला. हात पुसून मी परत लावला, तर पलीकडून एक बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या मुलीवर लहानपणी जिथे उपचार झाले, तिथल्या समाजसेविकेने तुमचा नंबर दिला. दोन मिनिटं बोलू का?"

दोन मिनिटांची पंधरा झाली. त्यांची धर्मादाय संस्था मुलांच्या कॅन्सरवर होणाऱ्या संशोधनाला अनुदान देत होती. डॉक्टर लोक अर्ज करायचे आणि कोणत्या अभ्यासाला पैसे द्यायचे हे एक समिती ठरवायची. समितीवर मोठे डॉक्टर होते, देणगीदार होते, एक वकील होते. आता त्यांना एक पालक हवा होता.

"मी आयटीआय केलेला माणूस," मी म्हणालो. "मशीन बिघडली तर दुरुस्त करतो. मला संशोधनातलं काय कळणार?"

"डॉक्टर आमच्याकडे पुष्कळ आहेत," त्या म्हणाल्या. "मूल घरी आल्यावर काय होतं, ते सांगणारं कोणी नाही."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "जा. आणि तिथे जाऊन गप्प बसू नकोस."

आमच्या मुलीची गोष्ट आधी सांगायला हवी. ती तीन वर्षांची असताना बायकोला तिला आंघोळ घालताना पोटात उजवीकडे काहीतरी टणक लागलं. यकृतातली गाठ निघाली. मग केमो, ऑपरेशन, पुन्हा केमो. ते दिवस मी इथे लिहीत बसणार नाही. ज्यांच्या घरी हे होऊन गेलंय त्यांना ते माहीत आहेत आणि बाकीच्यांना सांगून कळण्यासारखे नाहीत. गाठ गेली. मुलगी घरी आली. डोक्यावर मऊ केस उगवायला लागले, तेव्हा बायकोने सोसायटीत सगळ्यांना पेढे वाटले.

मग हळूहळू लक्षात आलं की मागून हाक मारली तर ती वळत नाही. बेल वाजली तर दाराकडे बघत नाही. तिच्या बोलण्यातून 'स' गेला होता. साखरेला 'आखर' म्हणायची. आम्हाला वाटलं, आजारपणात बोलायचं राहून गेलंय, येईल. तपासणी केली तेव्हा कळलं की ज्या औषधाने गाठ विरघळवली, त्यानेच कानांतल्या बारीक पेशी मारल्या. त्या पुन्हा येत नाहीत. वरच्या पट्टीतले आवाज तिच्या जगातून कायमचे गेले होते. पाखरं, शिट्टी, कुजबुज, 'स' आणि 'श'.

हे होऊ शकतं असं डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं आणि आम्ही सही केली होती. आजही कोणी तोच कागद पुढे ठेवला तर मी तीच सही करीन. पण त्यानंतर सगळं शिक्षण, सगळं बोलणं, सगळे मित्रमैत्रिणी या मुलीने दोन यंत्रं कानांत घालून आणि समोरच्याचे ओठ वाचून मिळवलेत. कोविडच्या वर्षांत सगळ्यांनी मास्क लावले तेव्हा तिने बाहेर जाणंच सोडलं होतं. एकदा दुकानातून रिकाम्या हाताने परत आली आणि म्हणाली, "बाबा, सगळ्या जगाने माझ्यापासून तोंड लपवलंय." तेव्हा ती शाळेत होती. आता विरारला कॉलेजात जाते, आणि मी काही चुकीचं बोललो तर ते तिला बरोबर ऐकू येतं.

समितीचे अर्ज इंग्रजीत येत. आम्ही बापलेक जेवणाच्या टेबलावर ते घेऊन बसायचो. अवघड शब्द ती मोबाईलवर शोधायची. बहुतेक अर्ज पेशींबद्दल, जनुकांबद्दल असत. त्यांतलं निम्मं माझ्या डोक्यावरून जायचं आणि ते मी समितीत सरळ सांगायचो. मग एक अर्ज आला, ज्याच्या पहिल्याच पानावर आम्हाला ओळखीचं नाव दिसलं. तिला दिलं होतं तेच औषध.

अर्ज एका बाई डॉक्टरांचा होता. त्यांचा प्रश्न साधा होता. हे औषध काही तासांत सलाईनमधून देतात. तेच औषध, तेवढंच, दोन दिवस लावून थेंबाथेंबाने दिलं तर मुलांचे कान वाचतील का? आणि गाठीवर त्याचा असर तेवढाच राहील का? अभ्यासातल्या निम्म्या मुलांना नेहमीच्या पद्धतीने औषध द्यायचं, निम्म्यांना सावकाश. कोणाला कसं, हे डॉक्टरांनी ठरवायचं नाही. कंप्युटरने चिठ्ठी काढायची. म्हणजे कोणाची आवडनिवड मध्ये येत नाही आणि शेवटी मिळणाऱ्या उत्तरावर विश्वास ठेवता येतो.

मुलीने ते दोनदा वाचलं. उठून गॅलरीत गेली. परत आली तेव्हा म्हणाली, "हे आधी का नाही केलं कोणी?"

"आधी मुलं जगवायची होती, बाळा."

"आता जगतायत ना? मग आता विचारायलाच पाहिजे." ती पुन्हा कागदात बघायला लागली. थोड्या वेळाने तिने बोट ठेवलं. "बाबा, दर वेळी दोन दिवस जास्त ॲडमिट राहायचं. आई कुठे झोपायची तेव्हा?"

"तुझ्या पलंगाखाली. चटई टाकून."

"आणि तुम्ही?"

"मी बाहेर, जिन्याजवळ."

"इथे मशीनला पैसे आहेत, नर्सला आहेत, कंप्युटरला आहेत. जिन्याजवळच्या माणसाला काहीच नाही."

ते मी समितीत मांडायचं ठरवलं.

बैठक मुंबईत संस्थेच्या ऑफिसात होती. लांब टेबल, थंडगार खोली, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. समितीतले सगळ्यात ज्येष्ठ देणगीदार माझ्या समोरच बसले होते. मोठे कारखानदार, पण बोलायला साधे. अर्ज निघाल्याबरोबर ते म्हणाले, "हे बघा, मी वाईट दिसलो तरी चालेल, पण मी बोलतो. आपल्या देशात पैशाविना मुलांचे उपचार अर्धवट सुटतात. त्यांना औषध द्यायचं सोडून आपण कानांवर खर्च करायचा? आधी जीव, मग कान."

दोनतीन जणांनी माना हलवल्या. त्यांचं म्हणणं वाईट होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण बायकोचे शब्द माझ्या डोक्यात होते.

"साहेब," मी म्हणालो, "मूल वाचलं की घरी येतं. मग ते शाळेत जातं. बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात आणि त्याला काही कळत नाही. वर्गात त्याला मठ्ठ म्हणतात. माझ्या मुलीला म्हणत होते. तुम्ही जीव वाचवायला पैसे दिलेत ना, तो जीव पुढे साठ-सत्तर वर्षं जगणार आहे. कसा जगणार, हे विचारणारा हा इथला एकच अर्ज आहे."

मग त्या डॉक्टर मॅडम आत आल्या. बारीक अंगाच्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी आपला अभ्यास समजावला. इतरांचे प्रश्न झाल्यावर मी विचारलं, "दोन दिवस जास्त राहायचं, तर मुलाबरोबरच्या माणसांची सोय काय?"

"त्याचा संशोधनाच्या खर्चात समावेश होत नाही," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलचा समाजसेवा विभाग बघतो ते."

"त्यांच्याकडे आधीच रांग आहे. मी उभा राहिलोय त्या रांगेत. मॅडम, बाहेरगावची माणसं दोनदा येतील, तिसऱ्यांदा मजुरी बुडते म्हणून यायची नाहीत. मग तुमच्या अभ्यासात राहणार कोण? ज्यांचं घर मुंबईत आहे ते. इतरांच्या मुलांचं उत्तर तुम्हाला मिळणारच नाही."

त्यांचा चेहरा उतरला. समितीने अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवला. चहाच्या वेळी त्या माझ्याजवळ आल्या. "अशाच एका मुलीचे वडील समितीवर आहेत म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "वाटलं, हे तरी माझ्या बाजूने असतील."

"मी बाजूनेच बोललो, मॅडम."

"माझं काम सहा महिने मागे पडलं. या सहा महिन्यांत वॉर्डात जी मुलं येतील, त्यांना मी जुन्याच पद्धतीने औषध देणार आहे. तुम्हाला माहितेय त्याचा अर्थ."

मला माहीत होतं. तो घोट गिळणं सोपं नव्हतं. पण मी माघार घेतली नाही. आणि त्यांनीही घेतली नाही. पुढच्या बैठकीला त्या पुन्हा आल्या. अर्जात हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेत खोल्या, दोन वेळचं जेवण आणि गावाहून येण्याजाण्याचं भाडं घातलेलं होतं. त्यासाठी त्यांनी आपल्या टीममधली पगाराची एक जागा कमी केली होती. ज्येष्ठ देणगीदारांनी आपला विरोध नोंदवायला सांगितला, तो नोंदवला गेला आणि बहुमताने अनुदान मंजूर झालं. त्या दिवशी मुलीला मेसेज केला, "झालं." तिने उलट विचारलं, "धर्मशाळा पण?" मी लिहिलं, "धर्मशाळा पण."

इथवर सगळं कागदावर होतं. पुढे ते माझ्या दारात आलं.

आमच्या बाजारात पाचूबंदरची एक बाई मासे विकायला बसते. बायको कित्येक वर्षं तिच्याकडूनच घेते. मांदेली साफ करता करता दोघींच्या जगाच्या गप्पा चालतात. एकदा बरेच दिवस ती जागेवर दिसेना. शेजारचीने सांगितलं, धाकटा मुलगा आजारी आहे, मुंबईला नेलाय. बायकोने तिला फोन केला, आणि फोनवर बोलता बोलता खाली बसली. मुलगा तीन वर्षांचा. यकृतातली गाठ.

पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून ती थेट आमच्या घरी आली. नवरा बोटीवर होता. अंगावर ठेवणीतली साडी, हातात निळं प्लास्टिकचं पाकीट. बायकोने चहा ठेवला. तिने पाकीट माझ्यापुढे सरकवलं.

"दादा, हॉस्पिटलात एक मॅडम हायत. म्हनतात, औषध सावकाश द्यायचा अभ्यास हाय, पोराला त्यात घालायचा का बघा. मराठीतच लिवलंय, पन वाचलं तरी डोक्यात शिरत नाय. तुमच्या पोरीचा असाच होता ना? म्हनून आले."

मी पाकीट उघडण्याआधी "जरा थांबा" म्हणून आतल्या खोलीत गेलो आणि संस्थेतल्या बाईंना फोन लावला. समितीवरच्या माणसाने पालकांवर दबाव आणायचा नाही, असा नियम होता. त्या म्हणाल्या, "समजावून सांगा. निर्णय त्यांचा. आणि तुम्ही कोण आहात, ते आधी सांगा."

मी बाहेर येऊन सांगितलं, "ताई, एक गोष्ट आधी सांगतो. या अभ्यासाला पैसे द्या असं म्हणणाऱ्यांत मी होतो."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "मंग तुमी हो च म्हननार."

"मी काहीच म्हणणार नाही. त्यात काय लिहिलंय तेवढं सांगतो."

एकेक पान घेत मी तिला समजावलं. चिठ्ठीपाशी ती अडली.

"म्हंजे माज्या पोराचा इलाज चिठ्ठी टाकून ठरवनार?"

"इलाज दोन्हीकडे तोच आहे, ताई. औषध तेच, तेवढंच. भरभर द्यायचं की सावकाश, तेवढं चिठ्ठीवर."

"चांगला कुठला, ते डॉक्टरना म्हायती नाय?"

"नाही. तेच शोधतायत."

"आनि सावकाश दिला, आनि गाठ पुरती मेली नाय तर?"

या प्रश्नाला मी तयार होतो असं मला वाटत होतं. नव्हतो. "ती भीती आहे," मी म्हणालो. "फार नाही असं त्यांना वाटतं. पण मुळीच नाही, असं कोणी सांगू शकत नाही. म्हणून दर थोड्या दिवसांनी तपासतात, आणि जराही कमी पडतंय असं दिसलं तर सावकाश देणं बंद करतात. तुम्हीही कधीही बाहेर पडू शकता. त्याने उपचार थांबत नाहीत."

माझी मुलगी दाराजवळ उभी राहून सगळ्यांचे ओठ बघत होती. ती पुढे येऊन बसली. त्या बाईने तिच्या कानांकडे पाहिलं, मग विचारलं, "तुला किती ऐकू येतं गो?"

"यंत्र घातलं की बरंच, मावशी. काढलं की तुमचा आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. सगळे आतल्या खोलीतून बोलल्यासारखे."

"त्रास होतो?"

"होतो," मुलगी म्हणाली. "पण मी आहे ना. आई म्हणते, तू आहेस हे आधी. तेही खरंय."

बाईने चहाचा कप खाली ठेवला. मग माझ्याकडे वळली. "दादा, नियम-बियम ठेवा बाजूला. तुमची पोर असती तर टाकली असती?"

मी खोटं बोलू शकत नव्हतो. "आज विचारलंत तर हो. पण माझी मुलगी इथे बसलीय म्हणून मला हो म्हणता येतंय. तेव्हा, तिच्या पोटात गाठ असताना विचारलं असतं, तर काय म्हणालो असतो ते मला माहीत नाही."

तिने पाकीट उचललं. "तेचा बाप दर्यावरनं येऊंदे. मंग बगते."

चार-पाच दिवसांनी बोट आली. नवराबायको दोघं हॉस्पिटलात गेली, डॉक्टर मॅडमना तेच प्रश्न पुन्हा विचारले आणि सही केली. मग चिठ्ठी निघाली. नेहमीची पद्धत. भरभर.

ती आमच्याकडे आली तेव्हा बायकोने दार उघडायच्या आत तिचा आवाज जिन्यातून ऐकू आला. "मंग कशाला घातला पोराला त्यात? रात रात इचार केला, सावकाशचा भ्या घालवला मनातनं, आनि आता म्हनतात तुमचा जुनाच! दुसऱ्याच्या पोराचं कान वाचनार आनि माज्या पोराचं नाय?"

बायकोने तिला खुर्चीत बसवलं. मी काही बोलायला गेलो तर बायकोने हाताने थांबवलं. आधी तिला रडू दिलं.

"नाव काढायचंय," ती शेवटी म्हणाली. "उद्या जाते नि काढून टाकते."

"काढा," मी म्हणालो. "तो तुमचा हक्क आहे. फक्त एक विचारतो. नाव काढलं तर औषध कसं मिळणार?"

"जुनाच."

"आणि राहिलात तर?"

"जुनाच," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पन कान तपासतात दर टायमाला. आनि खोली हाय."

"माझ्या मुलीचे कान कोणी तपासत नव्हतं. आम्हाला वर्षभराने कळलं, तोवर ती बोलायचं विसरायला लागली होती."

तिने पदराने तोंड पुसलं. सावकाशचं औषध चांगलंच निघेल असंही कोणाला माहीत नाही, हे मी बोललो नाही. ते तिला माझ्याइतकंच समजत होतं. जाताना म्हणाली, "राग गेला नाय माजा." आणि दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन वेळेवर हॉस्पिटलात हजर झाली.

मी एकदा त्यांना धर्मशाळेत भेटायला गेलो. खोली लहान होती, दोन पलंग, खिडकीत मुलाचे कपडे वाळत घातलेले. केमोने केस गेलेला तो मुलगा जमिनीवर बसून प्लास्टिकच्या बोटीत चमचे भरत होता. कानाची तपासणी करणारी नर्स त्याला आवाज ऐकू आला की डब्यात एक ठोकळा टाकायला लावायची, आणि तोच खेळ तो खोलीतही खेळायचा. आई भिंतीला टेकून जेवत होती. "पलंगावर झोपते," ती मला म्हणाली, जसं काही मीच तो आणून टाकला होता.

मुलाची गाठ आकसली, ऑपरेशन झालं, उरलेली केमोही झाली. शेवटच्या काही तपासण्यांत कळलं की त्याच्या कानांतले वरच्या पट्टीतले थोडे आवाज गेलेत. माझ्या मुलीइतके नाही, पण गेलेत. ते तेव्हाच कळल्यामुळे त्याला लगेच यंत्रं बसली, आणि बोलायला शिकवणारी बाईही मिळाली. आज तो 'स' म्हणतो. थोडा सुटा, जोर लावून, पण म्हणतो. मासळीच्या टोपलीशेजारी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला 'सुरमई, सुरमई' ओरडतो, मग टोपलीत सुरमई असो वा नसो.

एकदा मी बाजारात गेलो असताना तिने विचारलं, "दादा, त्या दुसऱ्या पोरांचा काय झाला? सावकाशवाल्यांचा?"

"अजून अभ्यास चालू आहे, ताई. सगळ्या मुलांचे उपचार पुरे झाल्याशिवाय कोणाला सांगत नाहीत. डॉक्टर मॅडमनाही माहीत नाही."

"पुरा झाला का मंग? आमाना कोन सांगनार?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला उत्तर माहीत नाही. त्या अर्जाचं पानन् पान मी वाचलं होतं. राहायची सोय शोधली होती, जेवण शोधलं होतं. हे शोधलं नव्हतं.

घरी जाऊन मुलीबरोबर पुन्हा अर्ज काढला. शेवटी एक ओळ होती. निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध करण्यात येतील.

"मावशी कुठे वाचणार ते?" मुलगी म्हणाली. "मी तरी कुठे वाचणार?"

वर्षाचा आढावा होता तेव्हा मी तो विषय काढला. सगळ्यांना पटलं, आणि सगळ्यांकडे अडचणी होत्या. वकील म्हणाले, मुलांची माहिती गुप्त असते, फोन कोणी करायचा? एका डॉक्टरांनी सांगितलं, निकाल वाईट आला तर पालक हादरतील. कोणीतरी म्हणालं, असं कुठेच करत नाहीत.

"त्या पालकांनी चिठ्ठीवर मूल ठेवलंय," मी म्हणालो. "ती भीती त्यांना झेपली. उत्तरही झेपेल. वाईट असलं तरी त्यांचंच आहे ते."

अध्यक्षबाई म्हणाल्या, पुढच्या बैठकीत बघू. मी म्हणालो, आजच बघू. एवढा हट्ट मी आयुष्यात फक्त मशीनच्या बाबतीत केलाय. तेव्हा पडद्यावरून बैठकीला हजर असलेल्या त्या डॉक्टर मॅडमनी हात वर केला. मला वाटलं, आता पुन्हा ऐकून घ्यावं लागणार. त्या म्हणाल्या, "फोन माझी टीम करील. घरच्यांनी आधी होकार दिला असेल त्यांनाच. आणि मराठी-हिंदीत एक सभा घेऊ, ज्यांना यायचंय त्यांनी यावं. मला थोडा वेळ आणि एक माणूस द्या." मग म्हणाल्या, "खरं म्हणजे हे मीच अर्जात लिहायला हवं होतं."

ज्येष्ठ देणगीदार म्हणाले, "या अभ्यासाला माझा विरोध होता, अजूनही आहे. पण ज्यांच्या जिवावर तो झाला त्यांना सांगायचं नाही, हे मला चालणार नाही. नियमच करा. सगळ्या अनुदानांना." आणि नियम झाला. पूर्ण मनासारखा नाही. आधीच पुरे झालेले अभ्यास त्यातून सुटले, आणि शब्द वकिलांनी इतके सावध केले की मुलीने वाचून कपाळाला हात लावला. त्यातले काही सोपे करून घेण्यासाठी आम्ही अजून भांडतोय. पण आता अर्जात तो रकाना आहे, आणि तो कोरा असेल तर अर्ज परत जातो. मी स्वतः बघतो.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना बाजारात थांबलो. संध्याकाळची गर्दी होती. ती बोंबील सोलत होती. मुलगा शेजारी ओट्यावर झोपला होता, यंत्रं काढून तिने रुमालात बांधून कमरेला खोचली होती. मी सांगितलं की अभ्यास पुरा व्हायला आणखी एकदोन वर्षं लागतील, पण झाला की हॉस्पिटलमधून तिला फोन येईल, मराठीत, चांगलं-वाईट जे असेल ते सांगतील.

"नक्की करनार?"

"नियम झालाय. नाही केला तर मी आहे."

तिने सुरी खाली ठेवली, हात पाण्यात बुडवून पुसले आणि मोबाईल उचलून त्याच्याकडे पाहिलं. काच तडकलेली होती. नवऱ्याने नव्या कंपनीचं, नव्या नंबराचं सिमकार्ड आणलंय, स्वस्त पडतं, आज-उद्या बदलणार होते, असं ती म्हणाली.

"आता नाय बदलत," ती म्हणाली. "हाच नंबर ठेवते." आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळली.